निळ्या पेटीतले पैसे कुठे गेले, आणि आज झाड लावायचं तर कुठे

प्रश्न ठाण्याच्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबाचा आहे. आजी गेल्यावर कपाट आवरताना पत्र्याची निळी देणगीपेटी सापडली. तिच्यासोबत 1950 च्या दशकातलं, इस्रायलमध्ये लावायच्या झाडांचं एक प्रमाणपत्र होतं, त्यावर पणजोबांचं नाव आणि पाच झाडं. त्यांनी विचारलंय: ती झाडं आज कुठे आहेत? पणजोबांच्या नावे तिथे जमीन आहे का? आणि आजीच्या स्मरणार्थ दोन-तीन लाख रुपये द्यायचेत, तर कुणाला, कसे?

आधी जमिनीचं सांगतो. पणजोबांच्या नावे जमीन नाही, कधी नव्हती, आणि असावी असा कुणाचा हेतूही नव्हता. बासेलला डिसेंबर 1901 मध्ये पाचव्या झायोनिस्ट काँग्रेसमध्ये (ज्यूंना स्वतःचा देश हवा, अशा चळवळीच्या परिषदेत) केरेन कायेमेत लेइस्राएल, म्हणजे ज्युइश नॅशनल फंड, स्थापन झाला. कल्पना हायडलबर्गमधले गणिताचे प्राध्यापक हर्मन शापिरा यांची. त्यांनी ती 1897 च्या पहिल्या काँग्रेसमध्ये मांडली होती, पण फंड उभा राहायच्या आधीच ते वारले. कल्पनेचा गाभा असा की जगभरच्या लोकांनी थोडे थोडे पैसे टाकायचे, त्यातून जमीन घ्यायची आणि ती जमीन पुन्हा कधीच विकायची नाही. आधार बायबलमधल्या लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायातला, ‘जमीन कायमची विकू नये’. म्हणून ही जमीन कसणाऱ्याला भाडेपट्ट्याने मिळते, पट्टा 49 वर्षांचा, पुढे नूतनीकरण. आपल्याकडच्या माणसाला पटकन समजायचं तर भोगवटादार वर्ग 2 ची जमीन आठवा: वहिवाट तुमची, पण परस्पर विकता येत नाही. पेटीत पैसे टाकणारा मात्र वहिवाटदारही नव्हता. तो देणगीदार होता, बस.

निळ्या पेटीमागे गॅलिशियातल्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या, नादवोर्ना गावचा हाइम क्लाइनमन हा बँकेतला कारकून होता. त्याने आपल्या कचेरीत एक पेटी ठेवली आणि वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं की प्रत्येक ज्यू घरात अशी पेटी असावी. नंतर या पेट्या लाखांनी वाटल्या गेल्या, आणि मुंबईतही 1920 मध्ये झायोनिस्ट संघटना स्थापन झाल्यावर हे काम चालू होतं. शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या) आधी, दिवे लावण्यापूर्वी, घरातलं लहान मूल पेटीत नाणं टाकायचं. तुमच्या पेटीचं कुलूप बहुधा तळाशी असेल, कारण ती घरच्यांनी नव्हे, समाजाच्या कार्यकर्त्याने येऊन उघडायची आणि पैसे मोजून पावती द्यायची असा रिवाज होता. जुन्या कागदांत तशी पावती सापडली तर ती जपा. त्यावर बऱ्याचदा कोणत्या कामासाठी पैसे गेले याची नोंद असते.

त्या पैशांनी काय झालं, हे सगळं सांगायला हवं, त्यातला अवघड भागही. 1920-21 मध्ये येझ्रेल खोऱ्यातली मोठी जमीन बेरूतच्या सुरसूक घराण्याकडून घेतली. 1921 मध्ये तिथे नहलाल हा पहिला मोशाव (कुटुंबागणिक शेती असलेलं सहकारी गाव) आणि एन हारोद ही किबुत्झ (सगळं सामायिक असलेली वस्ती) उभी राहिली. व्यवहार कायदेशीर होता, किंमत मोजून झाला होता. पण मालक बेरूतला आणि जमीन कसणारी अरब कुळं गावात. त्या कुळांना उठावं लागलं. कूळ कायद्याआधी कोकणात खोताने जमीन विकली की कुळाचं काय व्हायचं हे ज्याच्या घरात माहीत आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. 1929 मधली वादी हवारिथची, म्हणजे एमेक हेफेरची, खरेदी मुख्यतः कॅनडातल्या ज्यूंच्या पैशावर झाली. तिथेही कुळांचा प्रश्न बरीच वर्षं कोर्टात चालला.

1948 पर्यंत फंडाकडे सुमारे 9 लाख 36 हजार दुनम जमीन होती. एक दुनम म्हणजे 1,000 चौरस मीटर, आपले जवळपास 10 गुंठे. पुढे 1949 आणि 1950 मध्ये इस्रायल सरकारने युद्धात घरदार सोडून गेलेल्या अरबांची 20 लाखांहून अधिक दुनम जमीन फंडाला विकली. म्हणजे आज फंडाच्या नावे असलेल्या जमिनीतला मोठा भाग पेटीतल्या नाण्यांनी मूळ मालकाकडून घेतलेला नाही. 1960 च्या कायद्यानंतर देशातली सुमारे 93 टक्के जमीन सार्वजनिक ठरली आणि एका सरकारी प्राधिकरणाच्या कारभाराखाली आली. फंडाची जमीन, देशातल्या जमिनीच्या सुमारे 13 टक्के, त्यातच येते. या जमिनीचे पट्टे फक्त ज्यूंना द्यायचे की नाही यावर 2000 नंतर मोठा खटला झाला. 2005 मध्ये ॲटर्नी जनरलनी सांगितलं की सरकारी प्राधिकरणाला असा भेद करता येणार नाही. देणगी देताना या गोष्टी ठाऊक असाव्यात. मी देऊ नका असं म्हणत नाही. कुठे द्यायचं हे डोळे उघडे ठेवून ठरवा, एवढंच म्हणतो.

आता पाच झाडं. प्रमाणपत्रावर जंगलाचं नाव असेल तर ठिकाण शोधता येतं. नसेल तर पैसे त्या वर्षीच्या सर्वसाधारण लागवडीत गेले असं धरा. प्रमाणपत्र म्हणजे ठरावीक खड्ड्यातलं ठरावीक झाड, असा हिशेब कधीच नव्हता. लागवडीचा खर्च तुकड्यावर होतो, झाडावर नाही. त्यातही 1950 च्या दशकात तुमच्या पणजोबांच्या पैशाचा मोठा वाटा मजुरीत गेला. नव्याने आलेली माणसं मआबरोत म्हणजे तात्पुरत्या छावण्यांत राहत होती, काम नव्हतं, आणि डोंगरावर खड्डे खणणं हा रोजगार होता. रोप हे त्या पैशाचं एक फळ, दुसरं फळ संध्याकाळची चूल.

आणि पाचच्या पाच झाडं आज उभी नसतील, याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या काळी एका दुनमात शेकडो रोपं लावत. लवकर वाढावं, गवत दबावं, खोडं सरळ यावीत म्हणून दाट लावायचं आणि मग विरळणी करायची, असा हिशेब होता. लावलं मुख्यतः एकच झाड: अलेप्पो पाईन, ज्याला तिथे जेरुसलेम पाईन म्हणतात. उथळ, खडकाळ जमिनीत हे झाड भराभर वाढतं. पण एकाच जातीचं, एकाच वयाचं जंगल म्हणजे रोगाला दिलेलं आमंत्रण. 1970 च्या दशकापासून खोडातला रस शोषणाऱ्या एका खवले किडीने या पाईनचे पट्टेच्या पट्टे वाळवले. मग ती कीड सोसणारा तुर्की पाईन जास्त लावला गेला, आणि आता ओक, कॅरोब, पिस्ता, बदाम अशी मिश्र लागवड होते. याशिवाय विरळणी नीट झाली नाही की झाडं पाण्यासाठी एकमेकांशी झगडतात. नेगेव वाळवंटाच्या काठावरचं यातीर जंगल 1964 पासून लावलेलं, सुमारे 30,000 दुनम. पाऊस वर्षाला सरासरी 280 मिलिमीटर, आपल्या माणदेशापेक्षाही कमी. तिथे आज दुनमाला साधारण 30 झाडं आहेत, त्यापेक्षा जास्त ती जमीन पोसू शकत नाही. लागोपाठ दुष्काळी वर्षं आली की तिथेही झाडं वाळतात.

म्हणून देणगीदाराने ‘किती झाडं लावणार’ असं विचारणं मला अपुरं वाटतं. रोप लावणं हा त्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा दिवस असतो. रोप आधी रोपवाटिकेत वाढतं. एश्ताओल, गोलानी आणि गिलात इथे फंडाच्या मोठ्या रोपवाटिका आहेत. पहिल्या चांगल्या पावसानंतर जमीन खोलवर ओली झाली की लागवड होते, डिसेंबर ते फेब्रुवारी. उशीर झाला तर मुळं खाली जायच्या आधीच उन्हाळा गाठतो, आणि तिथला उन्हाळा म्हणजे एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत थेंब नाही. खरी कसोटी पुढची तीन वर्षं. वसंतात गवत कमरेइतकं वाढतं, ओल पिऊन टाकतं आणि वाळलं की पेट घेतं, त्यामुळे रोपाभोवती ते दर वर्षी काढावं लागतं. हरणं शेंडे खातात, म्हणून नळीसारखं प्लास्टिकचं आवरण लावतात, आणि झाड मोठं झाल्यावर ते वेळेत काढलं नाही तर खोडाला काचतं. नेगेवमध्ये पहिले उन्हाळे पाणीही द्यावं लागतं. यातलं काहीही झाडाच्या प्रमाणपत्रावर दिसत नाही.

नेगेवमध्ये ‘लिमान’ नावाची एक फार सुंदर रचना आहे. ओढ्याच्या वाटेत मातीचा अर्धगोल बांध घालतात, वर्षातून दोन-चारदा येणारं पुराचं पाणी त्यात अडतं, मातीत मुरतं, आणि त्या खळग्यात दहा-वीस झाडं उभी राहतात. ज्याने शेततळं किंवा नालाबांध बघितलाय त्याला ते लगेच कळेल. बिघडतं कुठे? पाणी बाहेर काढणारा सांडवा खचला की पहिल्या मोठ्या पुरात बांध फुटतो. गाळ साचला की खळगा भरतो आणि पाणी बाजूने निघून जातं. म्हणून लिमानासाठी पैसे देताना सांडव्याची डागडुजी आणि गाळ काढणं यांची तरतूद त्यात आहे का, हे विचारा.

वणव्यानंतर तर चुकीच्या ठिकाणी पैसे जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. डिसेंबर 2010 मध्ये कार्मेल डोंगरावर आग लागली, 44 माणसं गेली, आणि जगभरातून झाडं लावण्यासाठी पैसे आले. 30 एप्रिल 2025 ला जेरुसलेमच्या डोंगरात आग लागल्यावरही तीच हाक आली. पण अलेप्पो पाईनच्या काही फळांची रचनाच अशी की ती आगीच्या उष्णतेने उघडतात आणि राखेत बी टाकतात. दोन पावसांत तिथे आपोआप रोपांचा गालिचा येतो. अशा जागी नवीन रोपं लावणं म्हणजे पैसा वाया. खरं काम उलटं: दाट उगवलेली रोपं विरळ करणं, जळकी खोडं पाडणं, ओकच्या बुंध्यांतून फुटलेले कोंब निवडून ठेवणं, आगीला अडवणारे मोकळे पट्टे राखणं आणि झुडपं कमी ठेवायला शेळ्या चारणं. 1950 च्या कायद्याने काळ्या शेळीला झाडांची शत्रू ठरवून तिच्या चराईवर बंधनं आणली होती. तो कायदा आता रद्द झालाय. आज वनाधिकारीच धनगरांना चराईसाठी बोलावतात. ‘आगीनंतर झाडं लावा’ म्हणून पैसे मागणाऱ्याला एवढंच विचारा की या जागी नैसर्गिक पुनरुज्जीवन का चालणार नाही. उत्तर देता आलं तर तो माणूस कामाचा.

आता सर्वांत महत्त्वाचं, जागा कुठे आहे. बऱ्याच जंगलांत दगडी पायऱ्यांची शेतं, निवडुंगाचं कुंपण, मधेच एखादं जुनं बदामाचं झाड दिसतं. तिथे 1948 पर्यंत अरब गाव होतं, याची ती खूण. गालिलीतलं साउथ आफ्रिका फॉरेस्ट लुब्या गावाच्या जमिनीवर आहे. कॅनडा पार्क तर 1949 च्या युद्धबंदी रेषेपलीकडे, वेस्ट बँकेत, 1967 मध्ये जमीनदोस्त झालेल्या इमवास आणि यालो या गावांवर, कॅनडातल्या देणग्यांनी झालं. नेगेवमध्ये अल-अराकीब या बेदुइन (मूळच्या भटक्या अरबांच्या) वस्तीच्या जमिनीवर लागवडीचा वाद आहे. ती वस्ती जुलै 2010 मध्ये पहिल्यांदा पाडली गेली आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वेळा. जानेवारी 2022 मध्ये नेगेवमधल्या सावा इथे लागवडीवरूनच निदर्शनं झाली. तुमच्या आजीचं नाव एखाद्या फळीवर जाणार आहे. त्या फळीखालच्या जमिनीवर कुणाचा दावा चालू आहे का, हे जाणून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि माझ्या मते ते कर्तव्यही आहे.

तपासायचं कसं? इस्रायलमध्ये प्रत्येक जमिनीला ‘गुश’ आणि ‘हेलका’ असे दोन क्रमांक असतात, आपल्या गट नंबर आणि पोटहिश्श्यासारखे. संस्थेकडून हे दोन क्रमांक लेखी मागा. त्यावरून जमीन नोंदणीचा उतारा, ‘नेसाख ताबू’, ऑनलाइन थोडी फी भरून कुणालाही काढता येतो. मालक कोण, पट्टा कुणाचा, काही बोजा आहे का, हे त्यात दिसतं, थेट सातबाऱ्यासारखं. तेच क्रमांक सरकारी नकाशाच्या संकेतस्थळावर टाकले की जागा नेमकी युद्धबंदी रेषेच्या कोणत्या बाजूला आहे तेही कळतं. हे क्रमांक द्यायला जी संस्था कां-कूं करते, तिथे थांबा.

संस्थांच्या नावांतही लोक फसतात. जेरुसलेमची केरेन कायेमेत, अमेरिकेतला जेएनएफ (ज्युइश नॅशनल फंड) आणि ब्रिटनमधला जेएनएफ या कायद्याने वेगवेगळ्या संस्था आहेत. प्रकल्प वेगळे, हिशेबही वेगळे. अमेरिकेतली संस्था बरीच वर्षं 18 डॉलरला एक झाड देते. हिब्रूत ‘हाय’ म्हणजे जीवन, आणि त्या दोन अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज 18, म्हणून तो आकडा. तुमचे कुणी नातेवाईक कॅनडात असतील तर त्यांना सांगा की तिथल्या जेएनएफची धर्मादाय नोंदणी ऑगस्ट 2024 मध्ये कॅनडाच्या कर विभागाने रद्द केली. तिथल्या पावतीवर आता करसवलत मिळत नाही. लष्करी तळांवरच्या कामांना गेलेला पैसा आणि नीट न ठेवलेली कागदपत्रं, ही त्यामागच्या आक्षेपांतली मोठी कलमं होती.

इस्रायलमधल्या कोणत्याही लहान संस्थेला देण्याआधी दोन कागद मागा: ‘निहुल ताकीन’ म्हणजे सुयोग्य कारभाराचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र, आणि कलम 46 ची मान्यता. तुमचे अश्दोद, दिमोना किंवा लोदचे नातेवाईक पैसे घालणार असतील तर कलम 46 च्या पावतीवर त्यांना 35 टक्के करसवलत मिळते. म्हणून कुटुंबाने मिळून द्यायचं असेल तर तिकडचा वाटा त्यांच्याच नावे, त्यांच्याच खात्यातून गेलेला बरा.

भारतातून पाठवायचं तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2 लाख 50 हजार डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात देणगीही बसते. बँकेत ए-2 फॉर्म, पॅन आणि संस्थेचं पत्र लागेल. वर्षभरातली सगळी रक्कम मिळून 10 लाख रुपयांच्या आत असेल तर टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जात नाही. त्यावरच्या रकमेवर 20 टक्के कापतात, तो विवरणपत्रात वळता होतो. 80 जी ची सवलत परदेशी संस्थेच्या देणगीवर मिळत नाही. एफसीआरए हा परकीय देणग्यांचा कायदा परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी आहे, बाहेर जाणाऱ्यांसाठी नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नका. एक चूक मात्र टाळा: हे पैसे सिनेगॉगच्या ट्रस्टच्या खात्यातून पाठवू नका. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या मान्यतेशिवाय त्याची करमाफी अडचणीत येते. एका कुटुंबाच्या स्मृतीसाठी सगळ्या जमातीच्या ट्रस्टला नोटीस नको.

झाडांऐवजी वस्तीच्या कामाला द्यायचं असं कुणी सुचवेल. नेगेव आणि गालिलीतल्या गावांत बालवाडी, दवाखाना, सामुदायिक सभागृह अशी कामं देणग्यांवर होतात. गाझालगतच्या गावांची 7 ऑक्टोबर 2023 नंतरची पुनर्बांधणीही चालू आहे. तिथे लक्षात ठेवा, युद्धात थेट पडलेल्या घरांची भरपाई सरकारच्या नुकसानभरपाई निधीतून मिळते. तुमचे पैसे त्याच घरावर गेले तर ते सरकारचाच भार हलका करतात. सरकार जे देत नाही त्याला द्या. इमारतीबाबत पहिला प्रश्न: वीज, शिपाई, शिक्षक यांचा पुढच्या पाच वर्षांचा खर्च कुणाच्या अंदाजपत्रकात आहे? नगरपालिकेचं लेखी पत्र नसेल तर पाटी राहते आणि दाराला कुलूप लागतं. आणि इस्रायल बाँड ही देणगी नाही. ते 1951 पासूनचे सरकारी कर्जरोखे आहेत, त्यावर व्याज मिळतं आणि मुद्दल परत येतं. कुणी दोन्ही एकाच वाक्यात सांगत असेल तर त्याला थांबवून विचारा.

तुमच्या रकमेला मी म्हणेन, शंभरेक झाडांची प्रमाणपत्रं घेऊ नका. चालू असलेल्या एखाद्या जंगलातल्या ठरावीक तुकड्याची तीन वर्षांची निगा घ्या, गवत काढणं आणि विरळणीसह, आणि दर वर्षी त्याच जागेवरून काढलेला फोटो लेखी मागा. फळझाडं हवी असतील तर पहिली तीन वर्षं त्यांची फळं खायची नाहीत, हा ओर्लाचा नियम तुमच्या घरी माहीत असेलच. पुढचं शमिता वर्ष, म्हणजे जमिनीला विश्रांती द्यायचं सातवं वर्ष, सप्टेंबर 2028 मध्ये लागतं. त्या वर्षात बऱ्याच ठिकाणी नवीन लागवड होत नाही, तेव्हा तारीख ठरवताना ते धरा. दिवस ‘तू बिश्वात’ या झाडांच्या सणाचा निवडावा असं मनापासून वाटतं. तिकडे तो रोपं लावायचा दिवस, आणि इकडे त्याच दिवशी अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो, पोहे, खोबरं आणि फळांचा.

फळीवरचं नाव कोरायला देण्याआधी हिब्रू मजकूर तिकडच्या एखाद्या मराठी बोलणाऱ्या नातेवाइकाकडून वाचून घ्या. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, आणि ‘प’ आणि ‘फ’ ला एकच अक्षर आहे. पेणकर हे नाव तिथला माणूस फेनकर किंवा पिनकर असंही वाचू शकतो. स्वरांच्या खुणा घालून द्यायला सांगा, खाली देवनागरीतही नाव कोरायला सांगा. जागा असेल तर आजीच्या नावापुढे ‘बत’ (मुलगी) लावून तिच्या वडिलांचं नावही येऊ द्या, कारण प्रमाणपत्रावरचे पणजोबा तेच असतील तर पाच झाडांची आणि या तुकड्याची नोंद एकाच फळीवर येईल.